बाबांना केमो + इम्युनो दोन्ही सांगितलंय, मित्राला नुसती इम्युनो. लिव्हरचाच कॅन्सर ना दोघांचा?

ढगाळ

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. बाबांना (वय ६४) लिव्हरमध्ये कॅन्सर निघालाय. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये इंट्राहेपॅटिक कोलँजिओकार्सिनोमा असं लिहिलंय. एक मोठी गाठ, आजूबाजूला दोन-तीन छोट्या, आणि पोटातल्या लिम्फ नोडमध्ये पण गेलाय, त्यामुळे ऑपरेशनचा विषयच नाही म्हणाले. प्लॅन असा दिलाय की जेमसायटाबिन आणि सिसप्लॅटिन ही केमो, आणि सोबत ड्युर्व्हालुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं औषध, सगळं सलाईनमधून.

आता घोळ असा की बाबांच्या एका जुन्या मित्रालाही लिव्हरचा कॅन्सर आहे आणि त्यांना केमो अजिबात नाही. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब, बस. तीन आठवड्यांतून एकदा जातात, केस शाबूत, उलट्या नाहीत, फोनवर मस्त गप्पा मारतात. त्यामुळे बाबांनी हट्टच धरलाय की मलाही तेच द्या, केमो नको. आई म्हणते डॉक्टर सांगतील ते करू, धाकटा भाऊ म्हणतो सेकंड ओपिनियन घेऊ, आणि मी मधल्यामधे.

माझे प्रश्न:

एक, एकाच अवयवाच्या कॅन्सरला इतकी वेगळी ट्रीटमेंट का? दोन, केमोने पांढऱ्या पेशी कमी होतात आणि इम्युनो तर त्याच पेशींच्या जोरावर चालते ना, मग हे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं असं नाही का झालं? तीन, मी नेटवर वाचलं की ड्युर्व्हालुमॅब घातल्यावर आयुष्य ११.५ महिन्यांवरून १२.८ महिने होतं. सव्वा महिन्यासाठी एवढा खटाटोप करायचा का, हे विचारताना मलाच कसंतरी होतंय पण विचारतोच.

---

निशिगंध

ढगाळ, मी कॅन्सर डे-केअरमध्ये फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे हे माहिती म्हणून वाचा आणि निर्णय तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टशी बोलून घ्या.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर रिपोर्टमधल्या त्या लांबलचक नावातच आहे. लिव्हरमध्ये असलेला कॅन्सर आणि लिव्हरच्या पेशींचा कॅन्सर यात फरक आहे. तुमच्या बाबांच्या मित्राला बहुतेक हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा असणार, म्हणजे एचसीसी, तो लिव्हरच्या मूळ पेशींपासून होतो. बाबांचा पित्तनलिकेच्या अस्तरापासून झालाय. जागा एकच, पण पेशी वेगळ्या, त्यामुळे औषधांना मिळणारा प्रतिसादही वेगळा.

एचसीसीवर नेहमीची केमो पहिल्यापासून फारशी चालतच नाही. लिव्हरच्या पेशींचं कामच मुळी विषारी गोष्टी बाहेर काढायचं, केमोची औषधंही त्या बाहेर फेकतात, आणि वर त्यातल्या बऱ्याच पेशंटना सिरॉसिस असतो, म्हणजे केमो झेपायला उरलेलं लिव्हर धड नसतं. वर्षानुवर्षं डॉक्सोरुबिसिन वगैरे देऊन पाहिलं, फार काही हाती लागलं नाही. २००७ मध्ये सोराफेनिबची गोळी आली तीच मोठी बातमी होती. मग २०२० मध्ये आयएमब्रेव्ह१५० नावाची ट्रायल आली, त्यात अटेझोलिझुमॅब-बेव्हॅसिझुमॅबने सोराफेनिबला सरळ मागे टाकलं, एका वर्षानंतर जिवंत असलेले ६७ टक्के, आणि सोराफेनिबवाले ५५ टक्क्यांच्या आसपास. नंतर ड्युर्व्हालुमॅब सोबत ट्रेमेलिमुमॅबचा एकच डोस, निव्होलुमॅब-इपिलिमुमॅब अशा जोड्या आल्या. यात कुठेच केमो नाही. बेव्हॅसिझुमॅब पण केमो नाही बरं का, ते गाठीला नवीन रक्तवाहिन्या फुटू देत नाही.

पित्तनलिकेचं गणित बरोबर उलटं. तिथे केमो चालते. २०१० मध्ये एबीसी-०२ ट्रायलमध्ये नुसत्या जेमसायटाबिनपेक्षा जेमसायटाबिन + सिसप्लॅटिन सरस ठरलं (८.१ महिन्यांवरून ११.७), तेव्हापासून बारा वर्षं तीच जोडी पाया म्हणून राहिली. आणि नुसती इम्युनो इथे बहुतेकांना लागू पडत नाही. म्हणून पाया तोच ठेवून त्यावर इम्युनो चढवली. २०२२ मध्ये ड्युर्व्हालुमॅब (टोपाझ-१ ट्रायल), २०२३ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब (कीनोट-९६६). तेव्हा बाबांना मित्राचं औषध दिलं तर ते हलकं वाटेल, पण ते त्यांच्या आजाराचं औषध नाही.

अपवाद एक आहे आणि तो विचारून घ्याच. गाठीत एमएसआय-हाय किंवा डीएमएमआर (म्हणजे पेशींची डीएनए दुरुस्त करायची यंत्रणा बिघडलेली) हा दोष निघाला तर इम्युनोला फार चांगला प्रतिसाद मिळू शकतो. पित्तनलिकेत हे थोड्याच लोकांत सापडतं. बायोप्सीच्या तुकड्यावर एनजीएस टेस्ट (गाठीतल्या जनुकांची तपासणी) लावली का विचारा, त्यात एफजीएफआर२, आयडीएच१, हर२ या जनुकांतले बदल पण कळतात. ही पहिल्या दिवशी लागतीलच असं नाही पण पुढे केमो थकली की त्यांच्यावर गोळ्या-इंजेक्शनं आहेत, आणि रिपोर्ट यायला काही आठवडे जातात, म्हणून आत्ताच पाठवलेला बरा.

दुसऱ्या प्रश्नावर रात्री लिहिते, आत्ता ड्युटी आहे.

---

खडूस_काका

सव्वा महिन्याबद्दल मी बोलतो, कारण हा आकडा बघून आमच्या घरातही असाच वाद झाला होता.

११.५ आणि १२.८ हे मीडियन आहेत. म्हणजे शंभर पेशंट ओळीत उभे केले तर मधला पेशंट कुठपर्यंत पोचला एवढंच ते सांगतं. मधल्याच्या पुढे जे पन्नास आहेत ते किती पुढे गेले याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. आणि इम्युनोचा सगळा खेळ त्या पुढच्यांतच आहे. टोपाझ-१ चे दोन आलेख पाहिलेत तर पहिले सहा महिने जवळजवळ एकमेकांना चिकटून चालतात, फरक नंतर पडायला लागतो. दोन वर्षांनी बघा, नुसत्या केमोवाले साधारण १० टक्के जिवंत, ड्युर्व्हालुमॅबवाले साधारण २५ टक्के. तीन वर्षांनी ७ च्या आसपास विरुद्ध १५ च्या आसपास. आता हे सव्वा महिना वाटतं का?

पण दुसरी बाजूही सांगतो नाहीतर तुम्ही म्हणाल काका औषध कंपनीचे. पंचवीस टक्के म्हणजे पंचाहत्तर टक्के नाहीत. बहुतेकांना इम्युनोचा तो लांबचा फायदा मिळतच नाही आणि कोणाला मिळणार हे आधी सांगणारी भरवशाची टेस्ट या आजारात नाही. पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) चा आकडा बघून ठरवावं तर टोपाझमध्ये पीडी-एल१ कमी असलेल्यांनाही फायदा दिसला, म्हणजे तोही निरुपयोगी. त्यामुळे डॉक्टर "चांगलं औषध आहे" म्हणाले तर कोणासाठी आणि किती चांगलं हे विचारायला लाजू नका. आणि बाबांनाही आकडे ऐकायचे आहेत का ते आधी बघा, सगळ्यांना नको असतात.

औषध महाग आहे हे वेगळं सांगायला नको. कर्ज काढायच्या आधी हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेटा, कंपन्यांच्या मदत योजना असतात, डॉक्टर आपणहून सांगतीलच असं नाही.

---

पायवाट

माझ्या आईला अगदी हेच तीन औषधांचं चालू होतं त्यामुळे प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, ट्रायलचं वरच्यांनी सांगितलंच आहे.

सायकल २१ दिवसांची. पहिल्या दिवशी तिन्ही औषधं, आधी ड्युर्व्हालुमॅब एक तासभर, मग सिसप्लॅटिन आणि जेमसायटाबिन. आठव्या दिवशी फक्त केमो. मग सुट्टी. असं जास्तीत जास्त आठ सायकल आणि त्यानंतर केमो बंद करून नुसतं ड्युर्व्हालुमॅब चार आठवड्यांतून एकदा. हे बाबांना नीट समजावून सांगा, कारण आईला वाटत होतं की ही केमो आता जन्मभराची, आणि पुढे फक्त इम्युनोच राहणार आहे हे कळल्यावर तिचा चेहराच बदलला. तुमच्या बाबांना मित्रासारखं हवंय ना, तर सगळं नीट चाललं तर काही महिन्यांनी ते तसंच होणार आहे.

पहिल्या दिवशी पूर्ण दिवस जातो. सिसप्लॅटिन किडनीवर जातं म्हणून आधी आणि नंतर भरपूर सलाईन, मॅग्नेशियम, आणि लघवी किती झाली यावर सिस्टरचं लक्ष. सैल कपडे, बाही वर सरकेल असा शर्ट, मोबाईलचा चार्जर. कानात गुणगुण व्हायला लागली, बोटांना मुंग्या आल्या तर पुढच्या वेळी सांगायचंच, सिसप्लॅटिनचा डोस त्यावरून बदलतात. केस आईचे विरळ झाले पण पूर्ण गेले नाहीत. उलट्यांपेक्षा थकवा जास्त, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अगदी गळून जायची.

आठव्या दिवशीचं एक लक्षात ठेवा, बऱ्याचदा प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी कमी येतात आणि डोस पुढे ढकलतात किंवा गाळतात. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही सगळे हवालदिल. पण जेमसायटाबिनला हे नेहमीचंच आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताप. पित्तनलिकेत स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी छोटी नळी) टाकलाय का बाबांना? टाकला असेल तर ताप + थंडी म्हणजे स्टेंट तुंबून इन्फेक्शन झालेलं असू शकतं, आणि केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी असताना तर ते फार झपाट्याने वाढतं. १००.४ फॅरनहाइटच्या वर गेलं की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. आमच्याकडे थर्मामीटर आईच्या उशाशी आणि इमर्जन्सीचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला. डोळे पिवळे, लघवी गडद, संडासचा रंग फिका, अंगाला खाज, यातलं काहीही दिसलं तरी तसंच.

---

निशिगंध

आले. आता दुसरा प्रश्न, केमो पेशी मारते मग इम्युनो कशी चालेल.

शंका रास्त आहे, सुरुवातीला संशोधकांनाही हीच भीती होती. आपल्या टी-पेशींवर (कॅन्सरवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कॅन्सरची पेशी पीडी-एल१ दाखवून तो ब्रेक दाबते आणि टी-पेशी गप्प बसते. ड्युर्व्हालुमॅब त्या पीडी-एल१ वर जाऊन बसतं, त्यामुळे ब्रेक दाबला जात नाही. (असे ब्रेक काढून कॅन्सरवर उपचार करता येतो हे शोधल्याबद्दल जेम्स अॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.) पण ब्रेक काढून उपयोग कधी, टी-पेशीला गाठ ओळखता आली तरच. लिव्हर हा अवयव मुळातच प्रतिकारशक्तीला शांत ठेवणारा आहे, आतड्यातून दिवसभर जे काही परकं येतं त्या सगळ्यावर तो भडकत बसला तर कसं चालेल. तिथल्या गाठीला त्याचा आयताच फायदा मिळतो.

इथे केमोचा उपयोग होतो असं मानतात. केमोने काही कॅन्सर पेशी फुटतात, त्यांच्यातली प्रथिनं बाहेर पडतात, तीच टी-पेशींना गाठीची ओळख करून देतात. काही केमो गाठीच्या आसपासच्या दाबून ठेवणाऱ्या पेशीही कमी करते. आणि रिपोर्टमध्ये ज्या पांढऱ्या पेशी घसरलेल्या दिसतात त्या मुख्यतः न्यूट्रोफिल असतात, इम्युनोला लागणाऱ्या टी-पेशी म्हणजे त्याच नव्हेत, आणि न्यूट्रोफिलही दोन डोसच्या मधे भरून येतात. शिवाय एक साधं कारण आहे, इम्युनोला जोर धरायला वेळ लागतो, तोवर गाठ वाढू न देण्याचं काम केमो करते. काकांनी सांगितलेले ते चिकटलेले आलेख आठवा.

साईड इफेक्ट दुप्पट होतील ही भीती असेल तर, टोपाझ-१ मध्ये गंभीर त्रास दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते, बराचसा त्रास केमोचाच. पण इम्युनोचा त्रास वेगळ्या जातीचा असतो, तो ओळखता आला पाहिजे. मोकाट सुटलेल्या टी-पेशी कुठेही हल्ला करू शकतात. थायरॉइड सगळ्यात जास्त वेळा, माणूस मलूल होतो, थंडी वाजते आणि घरचे म्हणतात केमोचा थकवा आहे. टीएसएच बघितलं की कळतं आणि गोळीने भागतं. आतड्याला सूज आली तर जुलाब, रोजच्यापेक्षा चार-पाच वेळा जास्त व्हायला लागले तर घरगुती गोळ्या न देता फोन करायचा. फुफ्फुसाला सूज आली तर कोरडा खोकला, धाप. क्वचित हृदय. हे कधीही होऊ शकतं, केमो संपून नुसती इम्युनो चालू असताना, अगदी ती थांबवल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. तेव्हा "आता तर केमो नाही, मग कशाचा त्रास" असं धरून बसू नका.

लिव्हरची गंमत म्हणजे, गंमत कसली, डोकेदुखी, की एसजीपीटी (रक्तातलं लिव्हरचं एन्झाइम) वाढलं तर चार कारणं असू शकतात. इम्युनोमुळे आलेली सूज, तुंबलेला स्टेंट, वाढलेली गाठ, किंवा जुना हिपॅटायटिस बी पुन्हा उसळलेला. ढोबळ मानाने एसजीओटी-एसजीपीटी जास्त उडाले तर सूज, आणि बिलिरुबिन-अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त तर तुंबलंय का ते आधी बघतात, सोनोग्राफी किंवा स्कॅन करून. कारण सुजेला स्टेरॉइड लागतात आणि इन्फेक्शनला अँटिबायोटिक, उलटं झालं तर पंचाईत. म्हणून प्रत्येक वेळचे एलएफटी (लिव्हरच्या रक्ततपासणीचे) रिपोर्ट तारखेने लावून ठेवा, एकट्या रिपोर्टपेक्षा चार रिपोर्टचा कल जास्त बोलतो.

सुरू करायच्या आधी विचारायचं: हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली का (एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी दोन्ही), पूर्वी कधी संधिवात, सोरायसिस, अल्सरेटिव्ह कोलायटिस असा ऑटोइम्यून आजार होता का, कुठला अवयव ट्रान्सप्लांट झालाय का, बिलिरुबिन खाली आलंय का. कावीळ उतरल्याशिवाय केमो सुरू करत नाहीत. आणि लिव्हरसाठी म्हणून कोणी दिलेले काढे, पावडरी, कॅप्सूल सगळं डॉक्टरांपुढे ठेवा, त्यातल्या काहींनी लिव्हरच बिघडतं आणि मग दोष कोणाचा तेच कळत नाही.

---

चिंचोका

मधेच घुसतो. माझ्या सासूबाईंना मोठ्या आतड्याचा होता, तो आता लिव्हरमध्ये पसरलाय. त्यांनाही केमो + इम्युनो मागायची का? डॉक्टरांनी फक्त केमो सांगितलीय, इम्युनोचं नावच काढलं नाही, आम्हाला वाटलं काहीतरी लपवतायत.

---

निशिगंध

चिंचोका, तो लिव्हरमध्ये असला तरी आतड्याचाच कॅन्सर आहे, आणि औषधं आतड्याचीच लागतात. तिथे सगळा निर्णय एमएसआय / एमएमआर टेस्टवर. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये साधारण ५ टक्के लोक एमएसआय-हाय निघतात, आणि त्यांना केमो न देता नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब पहिल्यापासून देता येतं. कीनोट-१७७ मध्ये आजार न वाढता गेलेला काळ १६.५ महिने, केमोवर ८.२. उरलेल्या ९५ टक्क्यांत चेकपॉइंट इम्युनो (म्हणजे हीच ब्रेक काढणारी) सहसा चालतच नाही, त्यामुळे डॉक्टर काही लपवत असतील असं मला वाटत नाही. तुम्ही दोन गोष्टी विचारा, एमएसआय टेस्टचा निकाल काय आणि लिव्हरमधल्या गाठी केमोने लहान करून ऑपरेशनने काढता येतील का. आतड्यातून आलेल्या गाठींत ती शक्यता बऱ्याचदा असते, म्हणून लिव्हरच्या सर्जनचं मत घ्याच.

---

ढगाळ

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. मित्राच्या मुलीला फोन केला, त्यांना एचसीसीच आहे, आणि बेव्हॅसिझुमॅबच्या आधी त्यांची एंडोस्कोपी केली होती म्हणाली, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बांधाव्या लागल्या आणि मगच औषध सुरू झालं. म्हणजे तिकडेही सगळं सोपं नव्हतं, ते फोनवर सांगत नाहीत एवढंच. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले मग त्याने मला का नाही सांगितलं, आणि त्यालाच फोन लावून बसले.

एनजीएस लावलेली नव्हती, बायोप्सीचा ब्लॉक शिल्लक आहे, उद्या देतोय. हिपॅटायटिस बी ची फक्त एचबीएसएजी झाली होती, दुसरी सांगितलीय. स्टेंट नाहीये.

एक राहिलं. उलटीसाठी डेक्सामेथासोन देणार असं लिहिलंय, ते स्टेरॉइड ना? भाऊ म्हणतो स्टेरॉइड दिलं तर इम्युनो फुकट जाईल.

---

निशिगंध

केमोच्या दिवशी उलटीसाठी थोडं डेक्सामेथासोन देतात, ते चालतं. काळजी असते ती इम्युनो सुरू करतानाच रोजचं स्टेरॉइड चालू असेल त्याची, साधारण प्रेडनिसोलोन दिवसाला १० मिलीग्रॅमच्या वर. आणि इम्युनोमुळे आतडं किंवा लिव्हर सुजलं तर स्टेरॉइड हेच औषध आहे, तिथे "इम्युनो फुकट जाईल" म्हणून नको म्हणणं जिवावर बेतू शकतं. भावाला हे शेवटचं वाक्य आवर्जून दाखवा.

---

पायवाट

ढगाळ, बाबांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, तिन्ही औषधांची नावं, शेवटच्या डोसची तारीख, ऑन्कॉलॉजीचा नंबर. आईला एकदा रात्री जवळच्या साध्या दवाखान्यात न्यावं लागलं, तिथल्या ड्युटी डॉक्टरांनी जुलाब बघून पोटाचं इन्फेक्शन म्हटलं, चिठ्ठीवर इम्युनोचं नाव वाचलं आणि मगच आमच्या हॉस्पिटलला फोन लावला. पहिला डोस झाला की इथे लिहा.